दुसऱ्या देशातल्या ऑफिसात स्त्री-पुरुष समानता कशी ओळखायची?

स्वीडनमधल्या एखाद्या ऑफिसात पुरुष इंजिनीअर मीटिंगमध्ये सांगतो, की बाळासाठी पुढचे सहा महिने मी रजेवर आहे. कुणी चकित होत नाही. त्याची कामं वाटून घेतली जातात आणि पुढचा विषय सुरू होतो. जपानमध्येही बाळ वर्षाचं होईपर्यंत रजा घेण्याचा हक्क वडिलांना आहे आणि त्या काळात पगाराचा मोठा हिस्सा विम्यातून मिळतो. वडिलांसाठी इतकी उदार तरतूद फार थोड्या देशांत आहे. तरीही २०१९ साली ही रजा घेणारे वडील शंभरात जेमतेम सात होते. २०२३ मध्ये प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं, पण त्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांची रजा महिन्याच्या आत आटोपली.

हक्क दोन्हीकडे आहे. तो मागायला जीभ रेटते की नाही, एवढाच फरक. ही जीभ का रेटत नाही हे शोधणं, म्हणजेच एखाद्या देशातली कामाच्या जागची समानता ओळखणं.

पहिल्यांदाच परदेशी नोकरीला निघालेल्यांसाठी, अनेक देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर काम सुरू करणाऱ्यांसाठी आणि अशी टीम नुकतीच हाती आलेल्या मॅनेजरांसाठी हा लेख आहे. पायऱ्या ओळीने वाचा. मात्र तिसरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खरी गोम तिथे आहे.

पायरी १ : देशाच्या नावावरून मत बनवू नका

आपल्या मनात देशांची एक उतरंड असते. वर ‘पुढारलेले’, खाली ‘मागासलेले’. ती आधी बाजूला ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आपेंझेल इनर्‌ऱ्होडन या कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, स्थानिक मतदानासाठी त्यांना १९९० पर्यंत थांबावं लागलं आणि तेही कोर्टाच्या आदेशाने. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याची आणि स्वतःचं बँक खातं उघडण्याची मुभा १९६५ च्या कायद्याने दिली. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदा सांगत होता, की संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. ती अट १९७३ मध्ये गेली.

हे कायदे गेले, पण त्यांच्या सावलीत वाढलेली माणसं गेलेली नाहीत. १९७७ साली जे जर्मन मूल शाळेत जात होतं, ते आज पन्नाशी ओलांडून मोठ्या पदावर बसलेलं आहे. त्याची आई दुपारी घरी असायची. लहान मूल असलेल्या बाईला मोठा प्रकल्प द्यावा का, हे ठरवताना ती आई त्याच्या मनात कुठेतरी असतेच. म्हणून नव्या देशात गेलात की एक हिशेब जरूर करा : आज निर्णय घेणारी पिढी लहान असताना तिथला कायदा काय म्हणत होता?

उलट बाजूनेही उतरंड कोसळते. बल्गेरियात संगणक क्षेत्रातल्या बायकांचं प्रमाण युरोपातल्या अनेक श्रीमंत देशांपेक्षा जास्त आहे, कारण गणित आणि अभियांत्रिकी हे मुलींचंही क्षेत्र आहे ही समजूत समाजवादी काळापासून रुजलेली आहे. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात २०१३ पासून साठ टक्क्यांहून अधिक खासदार स्त्रिया आहेत. पण त्याच रवांडात बहुतेक कष्टकरी बायका शेतीत आणि असंघटित कामांत आहेत. संसद, कायदा, पगारपत्रक आणि घर, प्रत्येकाची चाल वेगळी. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

पायरी २ : ‘संस्कृती’ हा शब्द जरा खणून बघा

‘आमची संस्कृतीच तशी’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये एक विचार मांडला. जिथे शेती नांगराने होत असे, तिथे अंगातली ताकद लागत असल्याने शेत पुरुषाचं आणि घर बाईचं अशी विभागणी झाली. जिथे कुदळीने शेती होई, तिथे बायका शेतात राहिल्या. पुढे २०१३ मध्ये आल्बेर्तो आलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडेवारीवर तपासलं, तेव्हा नांगराच्या समाजांच्या वंशजांमध्ये आजही बायका घराबाहेर कमी काम करतात असं दिसलं. दुसऱ्या देशात जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्येसुद्धा! ज्याने आयुष्यात नांगर पाहिला नाही, तोही त्या नांगराने पाडलेल्या तासातून चालतो आहे.

हे वाचून वाटेल, की मग काही बदलणंच शक्य नाही. तर आता जर्मनीकडे बघा. भाषा एक, इतिहास एक. दुसऱ्या महायुद्धानंतर चाळीस वर्षं देशाचे दोन तुकडे राहिले. पूर्वेकडे कारखान्यांना हात हवे होते, म्हणून सरकारने पाळणाघरं उभारली आणि जवळपास सगळ्याच बायका कामावर जाऊ लागल्या. पश्चिमेकडे मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या आईसाठी ‘राबेनमुटर’, म्हणजे कावळी आई, हा शब्द सहज वापरला जाई. १९९० मध्ये देश एक झाला. आज इतक्या वर्षांनंतरही पूर्व भागात पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या आया जास्त आहेत आणि स्त्री-पुरुषांच्या पगारातली सरासरी तफावत पश्चिमेच्या निम्म्याहूनही कमी आहे.

म्हणजे चाळीस वर्षांची व्यवस्था शेकडो वर्षांच्या सवयीला वळण लावू शकते. संस्कृतीकडे दगडासारखं पाहू नका. ती पाळणाघराच्या वेळा, कराचे नियम, रजेचे नियम आणि शाळा सुटण्याची घंटा यांतून रोज नव्याने घडत असते. जाल तिथे आधी या गोष्टी शोधा. माणसांचे स्वभाव नंतर कळतील.

इथे डच अभ्यासक गेर्ट होफस्टेडे यांच्या नावाचा उल्लेख करायला हवा, कारण कंपनीच्या प्रशिक्षणात त्यांचे तक्ते तुम्हाला बहुधा दाखवले जातील. त्यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून देशांना गुण दिले. ‘पुरुषी’ ते ‘स्त्रैण’ या मोजपट्टीवर जपान एका टोकाला आणि स्वीडन दुसऱ्या टोकाला आहे. पण ही पट्टी स्पर्धा आणि यशाला किती मान आणि काळजी व आयुष्याच्या दर्जाला किती मान, हे मोजते. बायकांना किती हक्क आहेत हे ती मोजत नाही. नावामुळे भले भले फसतात. शिवाय ते देशाचे सरासरी गुण आहेत. समोर बसलेली सहकारी म्हणजे तिच्या देशाची सरासरी नव्हे.

पायरी ३ : बाळ झाल्यावर काय होतं ते विचारा

देश कोणताही असो, खरी परीक्षा या एका ठिकाणी होते. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलं आहे, की श्रीमंत देशांत आज एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत जो फरक दिसतो, तो मुख्यतः पहिल्या बाळानंतर उघडतो. त्याआधी दोघं जवळपास बरोबरीने चालत असतात.

बाळानंतर आईची कमाई किती घसरते आणि सावरते का, हेही देशागणिक मोजलेलं आहे. डेन्मार्कमध्ये दीर्घकाळात ही घसरण सुमारे २० टक्क्यांवर थांबते. जर्मनीत ती ६० टक्क्यांच्या आसपास जाते. बापाच्या कमाईला दोन्हीकडे जवळपास धक्का लागत नाही. शेजारी असलेले, दोन्ही श्रीमंत, दोन्ही शिकलेले देश, आणि एवढी दरी.

ती कशी पडते हे समजून घ्यायला चार प्रश्न पुरतात.

*रजेचा पगार कोण देतं?* मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नवीन माणसं तो कधीच विचारत नाहीत. रजेचे पैसे सामाजिक विम्यातून आले, तर एखाद्या बाईला नोकरीवर घेण्याचा मालकाला वेगळा भुर्दंड पडत नाही. सगळा पगार मालकाच्याच खिशातून गेला, तर पंचविशीतली उमेदवार समोर आली की त्याच्या डोक्यात आकडेमोड सुरू होते. भारतात २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. पण कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत न बसणाऱ्या खासगी कर्मचारी स्त्रियांच्या बाबतीत तो खर्च मालकावर पडतो. रजा दीर्घ आणि हेतू चांगला असूनही भार चुकीच्या खांद्यावर येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या कराराने किमान १४ आठवड्यांची रजा सांगितली आणि तिचा खर्च एकट्या मालकावर टाकू नये असंही सुचवलं, ते याचसाठी. अमेरिकेत तर देशपातळीवर पगारी रजेचा कायदाच नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, तीही पन्नासहून कमी माणसांच्या कंपनीत लागू होत नाही. म्हणून अमेरिकी कंपनीत जाताना राज्याचा नियम आणि कंपनीचं स्वतःचं धोरण, दोन्ही हातात घेऊन वाचा.

*रजेतला बापाचा वाटा राखीव आहे का?* स्वीडनने १९७४ मध्ये आईच्या रजेऐवजी पालकांची रजा आणली. जगात पहिल्यांदाच. तरी पुढची वीस वर्षं ती बहुतांशी आयाच घेत राहिल्या. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त बापासाठी ठेवले. त्याने नाही घेतले तर ते वाया. त्याआधी रजा घेणारे वडील बोटांवर मोजण्याइतके होते आणि काही वर्षांतच बहुसंख्य वडील ती घेऊ लागले. आधी बापांना बाळ नको होतं असं थोडंच आहे! साहेबाकडे जाऊन रजा मागणं अवघड होतं. ‘नाही घेतली तर बुडेल’ हे कारण मिळालं आणि मागणं सोपं झालं. आज स्वीडनमध्ये ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. जिथे सगळी रजा ‘दोघांनी मिळून ठरवा’ अशी मोकळी सोडलेली असते, तिथे ती आईकडेच जाते हे धरून चाला.

*पाळणाघर आणि शाळा किती वाजता सुटतात?* रजा वर्षभराची आणि पाळणाघरात जागा तिसऱ्या वर्षी, अशी परिस्थिती असेल तर मधली दोन वर्षं कुणी भरून काढायची? शाळा दुपारी सुटत असेल तर अर्धा दिवस कुणाचा जाणार? नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण उत्तम दिसतं, पण त्यातल्या बहुसंख्य अर्धवेळ काम करतात. आकडा वाचताना ‘किती जणी काम करतात’ याच्याबरोबर ‘आठवड्याला किती तास’ हे विचारलं नाही, तर चित्र अर्धंच कळतं.

*परत आल्यावर तीच खुर्ची मिळते का?* हा प्रश्न एचआरला विचारू नका, त्यांचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. टीममधल्या कुणाला तरी सहज विचारा : गेल्या दोन-तीन वर्षांत इथे रजेवरून कोण कोण परत आलं, आणि आता ते काय काम करतात? ‘ती आता दुसऱ्या विभागात आहे’, ‘तिने सोडली नोकरी’ अशीच उत्तरं येत राहिली, तर तुम्हाला त्या ऑफिसबद्दल पुरेसं कळलं आहे. याच ओघात पुरुषांबद्दलही विचारा. किती जणांनी रजा घेतली आणि नंतर त्यांची बढती लांबली का? बापांना शिक्षा होत असेल, तर आयांना ती आधीपासूनच होत असते.

पायरी ४ : बढतीचे निर्णय कोणत्या वेळी होतात ते बघा

कागदावरची वेळ सगळीकडे आठ तासांच्या आसपास असते. पुढे जाण्याची वेळ मात्र वेगळी असते. कोरियात कामानंतरच्या एकत्र जेवण-पिण्याला ‘होएसिक’ म्हणतात. ओळखी, विश्वास आणि आतल्या बातम्या तिथे मिळतात. तिथून लवकर उठणारी व्यक्ती उद्धट मानली जाऊ शकते, आणि लवकर उठावं लागतं ते बहुधा लहान मुलांच्या आईलाच. त्यात जितकी वर्षं सलग नोकरी तितका पगार, अशी पद्धत असेल तर दोन-तीन वर्षांचा खंड आयुष्यभर नडतो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात स्त्री-पुरुषांच्या पगारातली सर्वांत मोठी तफावत दक्षिण कोरियात आहे, सुमारे ३० टक्के. त्यामागे या गोष्टीही आहेत.

जपानी कंपन्यांत भरतीच्या वेळीच दोन वाटा असत : बदल्या आणि बढत्यांची ‘सोगोशोकु’ आणि साहाय्यक कामांची ‘इप्पानशोकु’. १९८५ च्या समान संधी कायद्यानंतर लिंगावरून थेट भेद करता येईना, तेव्हा ही विभागणी पसरली. बहुसंख्य बायका दुसऱ्या वाटेवर गेल्या, कारण पहिल्या वाटेवर कुठेही बदली घ्यायची तयारी लागे. नियम सगळ्यांना सारखा होता. फक्त तो पाळायला ज्याच्या घरी दुसरं कुणीतरी घर सांभाळतं, त्यालाच जमत होतं. असे ‘सारखे’ नियम तुमच्या ऑफिसातही शोधा. संध्याकाळी सातची मीटिंग, आदल्या दिवशी कळवलेला दौरा, ‘जो जास्त वेळ थांबतो तो निष्ठावान’ ही समजूत.

पहिल्या महिन्यात एक काम करा. महत्त्वाचा निर्णय झाला की तो नेमका कुठे आणि किती वाजता झाला, तिथे कोण नव्हतं, हे वहीत टिपा. महिन्याभरात आकृती दिसायला लागते.

पायरी ५ : कायद्याचं वय आणि त्याची दिशा तपासा

समान कामाला समान वेतन हा नियम आता जवळपास सर्वत्र आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा त्याबद्दलचा करार १९५१ चा आहे. ब्रिटनमध्ये १९६८ साली डॅगनम इथल्या फोर्ड कारखान्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला आणि १९७० मध्ये कायदा झाला. आता प्रश्न उरतो तो सिद्ध कुणी करायचं याचा. बहुतेक देशांत आपल्याला कमी पगार मिळतो हे कर्मचारी स्त्रीने दाखवायचं असतं. आइसलँडने २०१८ पासून हे उलटं केलं. २५ किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाने आपण समान वेतन देतो याचं प्रमाणपत्र मिळवायचं, असा नियम तेव्हा आला. तक्रार करणारीचं ओझं मालकाकडे सरकलं, हा फार मोठा फरक आहे.

आणखी एक खूण सांगतो. ज्या नियमात बायकांचं ‘रक्षण’ फार ठळक दिसेल, तिथे थांबून वाचा. रशियात बायकांना मनाई असलेल्या ४५६ कामांची यादी होती. २०२१ पासून ती शंभराच्या आसपास आली, तेव्हा कुठे मॉस्कोच्या मेट्रोत बायका पुन्हा गाडी चालवू लागल्या. चीनमध्ये बायकांचं निवृत्तीचं वय पुरुषांपेक्षा बरंच कमी आहे. २०२५ पासून दोघांचं वय हळूहळू वाढतं आहे, तरी फरक राहणारच. लवकर निवृत्ती म्हणजे विश्रांती असं वाटतं, पण ज्या वयात वरिष्ठ पदं मिळतात, त्याच वयात दार बंद होतं.

संचालक मंडळातल्या राखीव जागांबद्दल थोडक्यात. नॉर्वेने २००३ मध्ये पब्लिक लिमिटेड कंपन्यांसाठी ४० टक्क्यांचा नियम केला आणि २००८ पर्यंत तो अमलात आणला. मंडळं बदलली. खालच्या फळीतल्या बायकांच्या पगारात मात्र त्यामुळे विशेष फरक पडलेला आढळला नाही. तेव्हा वेबसाइटवरच्या संचालकांच्या फोटोंवरून भुलू नका.

पायरी ६ : पगाराचा आकडा नीट वाचा आणि नीट विचारा

‘पगारातली तफावत’ म्हणजे सगळ्या पुरुषांच्या सरासरीतून सगळ्या बायकांची सरासरी वजा केलेली. एकाच कामासाठी दोन पगार, असा तिचा अर्थ नाही. आणि ती कमी असली म्हणजे सगळं छान, असंही नाही. इटलीत ही तफावत युरोपात कमी असलेल्यांपैकी आहे. पण तिथे नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाणही युरोपात तळाशी आहे. जास्त शिकलेल्या, बऱ्या पगाराच्या बायका नोकरीत टिकतात, बाकीच्या मोजणीतच येत नाहीत, त्यामुळे आकडा देखणा दिसतो.

विचारण्याची रीत देशागणिक बदलते. नॉर्वेत लोकांच्या कराची माहिती सार्वजनिक असते. ब्रिटनमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना २०१७ पासून तफावत जाहीर करावी लागते, जपानमध्ये ३०० हून मोठ्या कंपन्यांना २०२२ पासून. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला पगाराची श्रेणी आधी सांगायची आहे आणि आधीच्या नोकरीचा पगार विचारायचा नाही. जुनं पगारपत्रक दाखवण्याची सवय आपल्याकडून घेऊन जाऊ नका. ज्या बाईला आधीच कमी मिळत होतं, तिची कमी मजुरी त्या कागदाबरोबर पुढच्या देशातही जाते. जिथे असं विचारणं उद्धटपणाचं समजतात, तिथे स्वतःचा आकडा न काढता ‘या पदासाठी पगाराची श्रेणी काय ठरली आहे?’ असं विचारा. यात कुणालाच अवघड वाटत नाही.

पायरी ७ : मुलाखतीतल्या घरगुती प्रश्नांची तयारी ठेवा

लग्न झालंय का, मूल कधी, नवरा काय करतो. काही देशांत हे प्रश्न ओळख वाढवण्यासाठी विचारले जातात, काही ठिकाणी ते थेट कोर्टात नेतात. जर्मनीत उमेदवाराला गरोदरपणाबद्दल विचारता येत नाही आणि विचारलंच, तर खोटं उत्तर देण्याचा हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे. चीनने २०१९ मध्ये भरतीच्या वेळी लग्न-मुलांबद्दल विचारण्यावर बंदी घातली. जपानच्या सरकारी नमुना अर्जात २०२१ पासून लिंग लिहिणं ऐच्छिक आहे.

बायकांना माझं सांगणं, की उत्तर आधीच ठरवून ठेवा : ‘या कामासाठी लागणाऱ्या वेळा आणि प्रवास मला जमेल. त्याबद्दल काही शंका असेल तर जरूर विचारा.’ प्रश्न टळतो, समोरच्याचा मान राहतो आणि तुम्ही खोटंही बोललेल्या नसता. पुरुषांनी एक करावं. स्वतः मुलाखत घेत असाल, तर जो प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारला नसता तो बाईलाही विचारू नका.

पायरी ८ : ‘लोकांना चालणार नाही’ हे तपासून बघा

या पायरीबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे होणारं नुकसान कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. ते अंदाजामुळे होतं.

सौदी अरेबियातल्या तरुण विवाहित पुरुषांवर केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुसंख्य पुरुषांना बायकोने घराबाहेर नोकरी करणं मान्य होतं. पण इतर पुरुषांना ते मान्य नसणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यांना शेजाऱ्यांचं खरं मत सांगितल्यावर, बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. सगळे जण एकमेकांना घाबरून एक अशी रीत पाळत होते, जी त्यातल्या बहुतेकांना मनापासून नकोच होती. त्याच देशात बायकांना गाडी चालवण्याची परवानगी २०१८ मध्ये मिळाली आणि त्यानंतर काही वर्षांतच नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण झपाट्याने वाढलं.

ऑफिसात हाच प्रकार असा घडतो : ‘तिकडचा क्लायंट बाईला मानणार नाही, तेव्हा दौऱ्यावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवू.’ क्लायंटला कुणी विचारलेलंच नसतं. व्यवस्थापनाच्या अभ्यासक नॅन्सी ॲडलर यांनी १९८०च्या दशकात आशियात काम करणाऱ्या उत्तर अमेरिकी स्त्री मॅनेजरांशी बोलून पाहिलं, तेव्हा बहुतेकींनी काम यशस्वी झाल्याचं सांगितलं. स्थानिक लोक त्यांच्याकडे आधी परदेशी म्हणून बघत होते, बाई म्हणून नंतर. अडथळा बहुतेक वेळा मूळ कंपनीतच होता, त्यांना पाठवायला कचरणाऱ्या वरिष्ठांच्या मनात.

मॅनेजर असाल तर नियम सोपा ठेवा. कुणाच्या वतीने नकार देऊ नका. तिला विचारा, जोखीम खरी असेल तर ती मोकळेपणाने सांगा आणि निर्णय तिच्यावर सोपवा. तिची ओळख करून देताना तिचं पद, अनुभव आणि निर्णयाचा अधिकार आधीच लेखी कळवा. हुद्द्याला मान देणाऱ्या समाजात याचा फार उपयोग होतो.

आणि परदेशी म्हणून तुम्ही स्वतः गेला असाल, तर लक्षात असू द्या, की तुम्हाला मिळणारी मोकळीक तिथल्या स्थानिक सहकारी स्त्रीला मिळतेच असं नाही. ‘मला इथे काहीच त्रास झाला नाही’ हे तुमच्यापुरतं खरं आहे. देशाबद्दल बोलायचं असेल तर तिला विचारा.

पायरी ९ : मीटिंगमधली शांतता आणि भाषा

वरिष्ठांसमोर न बोलणं हा अनेक देशांत शिष्टाचार असतो. तिथल्या बाई गप्प बसल्या तर त्या दबलेल्या आहेत असं लगेच ठरवू नका. त्याच खोलीतले त्यांच्या हुद्द्याचे पुरुष बोलतात का, ते बघा. दोघं गप्प असतील तर तो हुद्द्याचा प्रश्न आहे. फक्त त्याच गप्प असतील तर वेगळा. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवणं आणि लेखी मतं मागवणं, हा उपाय दोन्हीवर चालतो.

भाषेवरून निष्कर्ष काढण्याचा मोह मराठी माणसाला जास्त होतो, कारण आपल्याकडे क्रियापदसुद्धा ‘आला’ की ‘आली’ हे सांगतं. फिनिश आणि तुर्की भाषांत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे. तरी फिनलंडमध्ये बायका पुरुषांच्या जवळपास बरोबरीने नोकरी करतात आणि तुर्कस्तानात हे प्रमाण ओईसीडी देशांत तळाशी आहे.

हस्तांदोलन, मिठी, वाकून नमस्कार, यांबद्दल एवढंच : समोरची व्यक्ती हात पुढे करते का, याची क्षणभर वाट बघा.

पायरी १० : तक्रारीची वाट आधीच माहीत करून घ्या

त्रास झाल्यावर वाट शोधायला बळ उरत नाही. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच तीन गोष्टी लिहून ठेवा : कंपनीत तक्रार कुणाकडे करायची, बाहेर कोणतं सरकारी कार्यालय किंवा आयोग आहे आणि तक्रारीची मुदत किती. काही देशांत ही मुदत फार थोडी असते. छळ आणि हिंसेबद्दलचा पहिला जागतिक करार, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा, २०१९ मध्ये आला. तुमच्या नव्या देशाने तो स्वीकारला आहे का, हेही बघून ठेवा. काही घडलंच तर तारीख, जागा, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहा, आणि ते कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका.

‘आमच्याकडे असंच बोलतात, मनावर घेऊ नको’ असं कुणी सांगितलं, तर त्याच देशातल्या दुसऱ्या बाईंना विचारा. बहुतेक वेळा त्यांनाही ते मुळीच चालत नसतं.

पायरी ११ : सही करण्याआधी घरात बसा

शेवटची पायरी खरं तर निघण्याआधीची आहे, पण वरचं सगळं वाचल्यावरच ती नीट कळते. जोडपं म्हणून जात असाल, तर ज्याला ऑफर आली त्याच्या पगारावरून निर्णय होतो आणि दुसऱ्याची नोकरी नकळत संपते. हा ‘दुसरा’ बहुतेक घरांत बायकोच असते. अवलंबित व्हिसावर काम करता येतं का, हे आधी बघा. अमेरिकेत एच-१बी धारकाच्या जोडीदारांपैकी ठरावीक जणांनाच, तेही २०१५ पासून, कामाची परवानगी मिळते. परवानगी असली तरी तिची पदवी किंवा व्यावसायिक परवाना तिथे मानला जातो का, तिथली भाषा न येता तिला कामावर कोण घेईल, पाळणाघराची प्रतीक्षायादी किती लांब आहे आणि मधल्या वर्षांचं पेन्शन कोण भरणार, हे सगळं कागदावर मांडा. दोन रकाने करा, दोघांच्या नावाचे. परत येण्याचं ठरलं तर पुढची संधी कुणाच्या नोकरीप्रमाणे घ्यायची, हेही त्याच कागदावर तारखेसह लिहा आणि दोघांनी सही करा. कंपनीच्या करारावरची सही त्यानंतर.